‘जरा स्लो वाढवून द्या’

कोथरूडमध्ये गॅरेज चालवणाऱ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. पहिलं गिऱ्हाईक दुखणं सांगतं : गाडी सिग्नलला बंद पडते, सकाळी धडधडते, एसी लावला की मान टाकते. दुसरं गिऱ्हाईक दुखण्याच्या भानगडीत न पडता थेट औषधच सांगतं : ‘जरा स्लो वाढवून द्या, बाकी काही नाही. पाच मिनिटांचं काम आहे.’ आमच्याकडे दुसऱ्यांची बहुसंख्या. डहाणूकर कॉलनीतले निवृत्त इंजिनिअर असोत किंवा पौड रोडला भाजीचा टेम्पो लावणारे असोत, स्लोच्या बाबतीत प्रत्येकाचं निदान घरूनच ठरून आलेलं असतं.

काम पाच मिनिटांचं असतं, हे मात्र खोटं नाही. बॉनेट उघडायचं, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, इंजिनाचा आवाज चढला की बॉनेट खाली. गाडी बंद पडायची थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दुखणं होतं तिथेच राहतं. इतकी वर्षं हा धंदा केल्यावर मला एवढं ठामपणे सांगता येतं, की ज्या गाड्यांचा स्लो बिघडलाय म्हणून माझ्याकडे आल्या त्यातल्या बहुतेकींचा स्लोचा स्क्रू अगदी निर्दोष होता.

‘स्लो’ म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीने फिरत राहतं ती गती. चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल गाडीत ती मिनिटाला साधारण 750 ते 850 फेरे असते. दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे 800 फेऱ्यांना सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठोके. मारुती 800 ला सिलिंडरच तीन, त्यामुळे तेच ठोके वीस-एकवीसवर येतात आणि ती गाडी उभ्याउभ्या थोडी थरथरणारच. ही थरथर काढून द्या म्हणून हट्ट धरणाऱ्यांना मी इंजिनाचे माउंटिंग रबर तपासून देतो आणि उरलेली थरथर सुझुकीने कारखान्यातच बसवून पाठवली आहे असं सांगतो.

या अवस्थेत इंजिन गाडी ओढत नाही. जे काही इवलंसं पेट्रोल आत जातं, ते स्वतःला फिरवत ठेवण्यात, पाण्याचा पंप, पंखा, अल्टरनेटर चालवण्यात संपतं. शिल्लक अशी काही नसते. महिन्याच्या एकोणतीस तारखेला घरात जेवढे पैसे असतात तेवढ्यात इंजिनाचा संसार चाललेला असतो. त्यात एक प्लग अधूनमधून चुकला, कुठल्या नळीला बारीक चीर गेली, एखादा व्हॉल्व्ह नीट बसेनासा झाला, की लगेच उघडं पडतं. तीच गाडी एक्स्प्रेस वेवर ऐंशीच्या वेगाने जात असताना यातलं काहीच जाणवत नाही, कारण तिथे हवा आणि पेट्रोल इतकं आत येत असतं की चिरेतून येणारी थोडी जास्तीची हवा त्यात हरवून जाते. इंजिनाची तब्येत बघायची तर ते उभं असताना बघावी, हे मी शिकलो ते नाना पेठेत.

औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून मी नाना पेठेतल्या एका गॅरेजात लागलो. नाना पेठ म्हणजे पुण्यातला स्पेअर पार्टचा बाजार. समोरच्या दुकानात गॅस्केट, शेजारी बेअरिंग, गल्लीच्या टोकाला लेथवाला. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत पद्मिनी सर्वांत जास्त. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी, 1089 सीसीची. कागदोपत्री तिचं नाव 1974 मध्ये पद्मिनी झालं तरी पुण्यात ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. त्याखालोखाल ॲम्बॅसिडर आणि नव्याने आलेल्या मारुती. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आली तेव्हा जुन्या मेकॅनिकांनी तिला आधी नाकं मुरडली आणि मग गुपचूप तिचे पाने विकत घेतले.

आमचे वस्ताद कमी बोलायचे. स्लोची तक्रार घेऊन गाडी आली की ते स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून काढून खिशात ठेवायचे. मग क्रम ठरलेला. एअर फिल्टर उघडून बघायचा. प्लग काढून त्यांचा रंग बघायचा : विटकरी असेल तर ठीक, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त. पॉइंट घासून फिलर गेजने फट लावायची. टॅपेट, टायमिंग. त्यानंतर हवेची गळती. हे सगळं झाल्यावरच खिशातला स्क्रू ड्रायव्हर बाहेर येई आणि दहापैकी सात-आठ वेळा तोवर त्याची गरज उरलेली नसे.

हवेची गळती शोधायची त्यांची रीत आज कुठल्या शाळेत शिकवू देणार नाहीत. इंजिन चालू ठेवून तेलाच्या कुपीतून कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या जोडावर, नळ्यांच्या टोकांवर थेंब-थेंब रॉकेल सोडायचं. जिथे चीर असेल तिथे ते आत ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. हल्ली मी त्यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे वापरतो, आणि एक्झॉस्ट तापलेला असेल तर साबणाच्या पाण्यावर भागवतो. दुसरी त्यांची रीत कागदाची. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा चिटोरा धरायचा. तो एकसारखा बाहेर फडफडत राहिला तर बरं. मध्येच आत ओढला जाऊ लागला तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला समजायचा. गाडी उभीच असते, खर्च शून्य, आणि हेड उतरवायचं की नाही हे दोन मिनिटांत कळतं.

गॅरेजात एक इंग्रजी पुस्तक होतं आणि एक व्हॅक्यूम गेज. धडधाकट इंजिन स्लोवर असताना मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याचे अठरा ते एकवीस इंच व्हॅक्यूम दिसायला हवं, असं पुस्तक म्हणे. आमच्याकडे सोळा-सतरा दिसलं तरी वस्ताद मान डोलवायचे. मी आयटीआयचा, पुस्तकावर विश्वास ठेवणारा. प्रत्येक गाडीत काहीतरी बिघाड आहे असं मला वाटत राही. एकदा त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, ‘अरे, ते पुस्तक समुद्राकाठी लिहिलंय.’ मग हिशोब मांडला तर खरंच तसं होतं. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणजे गेजवर दीड-दोन इंच आपोआप गेले. इंजिन धडधाकटच होतं.

याच सहा टक्क्यांनी पुढे कोथरूडमध्ये मला बरंच काम दिलं. नव्वदच्या दशकात लोक मुंबईहून सेकंडहँड फियाट घेऊन यायचे. तिकडे उत्तम चालणारी गाडी इथे आली की स्लोला गचके द्यायची, प्लग काळे करायची, धुराला पेट्रोलचा वास. कार्ब्युरेटर तिकडच्या दाट हवेवर लावलेला. इथे हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रण दाट. अशा गाडीला एवढंच लागायचं की मिश्रणाचा स्क्रू थोडा आत घ्यायचा आणि थ्रॉटलचा स्क्रू त्याच्याशी जुळवून घ्यायचा. स्क्रू फिरवायला निर्मळ मनाने जावं अशी प्रकरणं तेवढीच.

फियाटच्या सोलेक्स कार्ब्युरेटरला हे दोन स्क्रू. एक थ्रॉटलची झडप किती उघडी राहील ते ठरवतो, दुसरा स्लोच्या वाटेने किती मिश्रण जाईल ते. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण बंद. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत जायचं, आवाज जिथे सर्वांत वर चढेल तिथे थांबायचं. मग थ्रॉटलच्या स्क्रूने आवाज खाली आणायचा. पुन्हा मिश्रण, पुन्हा थ्रॉटल. दोन-तीनदा केल्यावर एक जागा अशी येते की मिश्रणाचा स्क्रू कुठेही फिरवला तरी आवाज पडतोच. ती जागा. पद्मिनीला किंवा मारुती 800 ला फेरे दाखवणारा काटा नव्हता, त्यामुळे कानावरच सगळं. सिलिंडरमध्ये जळून उरलेला धूर स्लोला पूर्ण बाहेर पडत नाही, ताज्या मिश्रणात मिसळतो. म्हणून पुस्तकी 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणावर कार्ब्युरेटरचं इंजिन स्लोला समाधानी नसतं. त्याला थोडं दाट लागतं, बारा-तेराला एक. कानाला जे ‘भरलेलं’ ऐकू येतं ते हेच.

आता नुसता थ्रॉटलचा स्क्रू आवळून स्लो वाढवला तर काय होतं? कार्ब्युरेटरच्या भिंतीत झडपेच्या कडेला लागून बारीक भोकं असतात. झडप बंद असते तेव्हा स्लोचं मिश्रण खालच्या भोकातून येतं. पाय दाबला की झडपेची कड वरची भोकं उघडी करते आणि गाडी न अडखळता वेग घेते. स्क्रू आवळून झडप आधीच वर सरकवून ठेवली, की ही वरची भोकं स्लोलाच चालू होतात. मग मिश्रणाचा स्क्रू फिरवा नाहीतर नका फिरवू, इंजिन दाद देत नाही. पाय दाबला की खड्ड्यात पडल्यासारखी गाडी अडते. आणि किल्ली काढली तरी इंजिन धडधडत राहतं, कारण उघड्या झडपेतून मिश्रण येतच असतं आणि सिलिंडरमधल्या तापलेल्या काजळीवर ते ठिणगीशिवाय पेटतं.

मयूर कॉलनीतल्या एका प्राध्यापकांची फियाट अशी किल्ली काढल्यावर चालणारी होती. त्यांनी आधी तीन ठिकाणी दाखवून ‘स्लो वाढवून’ घेतला होता आणि प्रत्येकाने प्रामाणिकपणे तो वाढवलाही होता. मूळ दुखणं थ्रॉटलच्या दांडीत होतं. वर्षानुवर्षं फिरून दांडीचं भोक झिजलं होतं आणि तिथून हवा शिरत होती. कधी कमी, कधी जास्त, दांडी ज्या कुशीवर बसेल तशी. अशी गाडी आज लावली तर उद्या बिघडते. कार्ब्युरेटर उतरवून नाना पेठेतल्या लेथवाल्याकडे नेला, भोकाला नवं बुश मारून घेतलं, आणि मग तो थ्रॉटलचा बिचारा स्क्रू जवळजवळ दीड आटा परत बाहेर आला. प्राध्यापक म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही स्लो कमी केलात?’ मी हो म्हटलं. त्यांना बिल पटायला वेळ लागला.

कोथरूडची म्हणून एक खास तक्रार आहे, ती मला नाना पेठेत फारशी दिसली नव्हती. उभी राहून बिघडलेली गाडी. मुलं अमेरिकेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली मारुती, आणि सहा महिन्यांतून एकदा मुलगा येणार म्हणून ती सुरू करायची धडपड. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळट थर राहतो. कार्ब्युरेटरमध्ये सर्वांत बारीक भोक स्लो जेटचं, ते आधी बुजतं. मग गाडी चोकवर चालते, पाय दाबून धरला तर चालते, पाय काढला की बंद. जेट काढून उजेडाकडे धरला तर पलीकडचं काही दिसत नाही. तो तारेने टोचायचा नाही, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनरमध्ये भिजवायचा आणि हवेच्या झोताने साफ करायचा. आई-वडिलांना मी सांगत असे, दर रविवारी गाडी नुसती सुरू करून ठेवू नका, चांदणी चौकापर्यंत चढवून आणा. काहींनी ते इतकं मनावर घेतलं की डायरीत तारीख, किलोमीटर आणि ‘स्लो : समाधानकारक’ अशी नोंद ठेवू लागले.

शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंची मारुती 800 मात्र डोक्याला ताप देऊन गेली. गाडी उत्तम सुरू व्हायची, उत्तम स्लो धरायची, माझ्या दारात तासभर धडधडत ठेवली तरी हूं की चूं नाही. आणि रोज सकाळी कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला बंद. त्यांच्याशेजारी बसून गेलो तेव्हा उलगडलं. बंद पडायची ती सिग्नलमुळे नव्हे, ब्रेकमुळे. माझ्या दारात कोणी ब्रेक दाबतच नव्हतं. ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनाच्याच व्हॅक्यूमवर चालतो. त्याचा आतला पडदा फाटला होता. पेडल दाबलं की तिथून हवा थेट मॅनिफोल्डमध्ये. वेग असताना ते खपून जायचं, थांबता थांबता इंजिन स्लोवर यायचं आणि नेमकं तेव्हाच जास्तीची हवा. गॅरेजात गाडी स्लोवर ठेवून पेडल दाबलं, तर डॅशबोर्डखाली बारीक सुस्कारा ऐकू आला आणि इंजिन बसलं. तेव्हापासून स्लोच्या तक्रारीवर माझा पहिला प्रश्न असतो : बंद पडते तेव्हा तुमचा पाय कुठे असतो? लोक चक्रावतात. पण ‘एसी चालू होता का’, ‘स्टिअरिंग वळवत होतात का’, ‘गाडी गरम होती का’ या प्रश्नांच्या उत्तरांत निम्मं निदान होऊन जातं.

आमच्या डोक्यावरच, वेताळ टेकडीवर, एआरएआय आहे. वाहन उद्योगाने 1966 मध्ये उभी केलेली संशोधन संस्था. देशात विकायच्या गाड्यांना मान्यता देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक. कोथरूडकरांना ती मुख्यतः पहाटे फिरायला जायची ‘एआरएआय टेकडी’ म्हणून ठाऊक. वर धुरातल्या वायूंची टक्केवारी मोजली जाते आणि खाली माझ्यासारखे लोक कानाने स्लो लावत बसलेले. या दोन जगांची गाठ पीयूसीच्या गाडीवर पडायची. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 115 वा नियम उभ्या गाडीच्या, म्हणजे स्लोवरच्या, धुराला मर्यादा घालतो. जुन्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालायचं. नीट लावलेली फियाट त्यात बसायची, पण काठावर. आणि एक अख्खी पिढी ‘पीयूसीपुरतं’ मिश्रण पातळ करून घ्यायची : सकाळी स्क्रू आत, धूर पास, संध्याकाळी ‘गाडी मरतेय हो’ म्हणून स्क्रू परत बाहेर. मला त्यात पाप वाटण्यापेक्षा कंटाळा जास्त यायचा. प्लग आणि पॉइंट नीट असले तर गाडी स्क्रूला हात न लावता पास होते, हे सांगून पटत नसे, कारण स्क्रू फुकट फिरतो आणि प्लगला पैसे पडतात.

मग भारत स्टेज निकष आले. 1 एप्रिल 2000 पासून पहिला टप्पा देशभर लागू झाला, पुढच्या काही वर्षांत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. पीयूसीची पट्टी पण खाली आली : भारत स्टेज दोनच्या गाड्यांना अर्धा टक्का, चारच्या गाड्यांना 0.3 टक्के, शिवाय 2500 फेऱ्यांवरही मोजणी. एप्रिल 2010 मध्ये स्टेज चार ज्या तेरा शहरांत आधी आला, त्यात पुणंही होतं आणि सोलापूरही.

इंजेक्शनच्या गाडीत स्लो कॉम्प्युटर सांभाळतो. थ्रॉटलची झडप बंद असते, तिला वळसा घालून जाणारी हवेची एक वाट असते, आणि त्या वाटेवरची छोटी मोटर-झडप टप्प्याटप्प्याने उघडमीट करते. एसी लागला की थोडी जास्त, स्टिअरिंग वळवलं की आणखी थोडी. पुढच्या गाड्यांत ही वाटही गेली. मुख्य झडपच विजेवर चालू लागली. स्क्रू उरलाच असेल तर रंगाचा ठिपका मारून बंद केलेला. माझ्या बरोबरीचे काही मेकॅनिक त्यावर वैतागले. मला कॉम्प्युटरबद्दल वेगळीच तक्रार आहे. तो फार समजूतदार आहे. व्हॅक्यूमची नळी चिरली, तो बिनबोभाट वळणावरची झडप मिटून घेतो. थ्रॉटलला काजळी धरली, तो झडप आणखी उघडतो. काट्यावर 750 म्हणजे 750. फियाट बिघाडाच्या पहिल्याच आठवड्यात गचके द्यायला लागायची. ही गाडी वर्षभर सगळं आतल्या आत मिटवत राहते आणि ज्या दिवशी तिच्याकडे उघडायला आणि मिटायला जागा उरत नाही, त्या दिवशी एकदम म्हात्रे पुलावर बंद.

म्हणून स्कॅनर लावल्यावर मी आधी फेरे बघत नाही, झडप किती टप्पे उघडी आहे ते बघतो. जवळजवळ बंद असेल तर हवा दुसरीकडून येतेय, शोधा. नेहमीपेक्षा फार उघडी असेल तर थ्रॉटल बॉडी काढून साफ करा. वस्तादांची रॉकेलची कुपी आणि हा आकडा एकच गोष्ट सांगतात. आकड्याला वास येत नाही एवढंच.

यातही स्क्रूचा मोह सुटत नाही. ठिपका खरवडून कोणीतरी थ्रॉटल थोडा उचलून ठेवलेल्या गाड्या येतात. कॉम्प्युटरला वाटतं चालकाचा पाय पेडलवर आहे, म्हणून तो स्लो सांभाळायचं कामच हाती घेत नाही. फेरे दीड हजारावर अडकतात, नाहीतर वर-खाली, वर-खाली झोके घेत राहतात.

भुसारी कॉलनीतल्या एका तरुणाची हॅचबॅक अशीच फिरत-फिरत माझ्याकडे आली. स्लो अकराशे-बाराशे, पेट्रोल पिते. स्लोची झडप नवी, थ्रॉटल बॉडी आरशासारखी साफ, सगळं करून झालेलं. मी त्याला चांदणी चौकाचा चढ चढून यायला लावलं आणि आल्याआल्या स्कॅनर लावला. पाण्याचं तापमान 62 अंश. गाडी घाट चढून आली आणि पाणी 62? नव्वदीच्या जवळपास हवं. आपल्याकडे जुनी समजूत आहे, की थंड देशांतल्या गाड्यांना थर्मोस्टॅट लागतो, आपल्या उन्हात तो काढून टाकलेला बरा, गाडी तापत नाही. कुणीतरी तो काढून टाकला होता. इंजिन कधी गरमच होत नव्हतं, आणि कॉम्प्युटर बिचारा प्रत्येक क्षणी पहाटेच सुरू झालेली गाडी समजून फेरे चढवत होता, पेट्रोल जास्त सोडत होता. थर्मोस्टॅट बसवला, पाणी 85 च्या वर गेलं, फेरे साडेसातशेवर येऊन बसले. त्याने विचारलं, ‘मग स्लोचं काय केलंत?’

मेट्रोचं काम चालू होतं त्या वर्षांत कर्वे रोड आणि पौड रोडवर गाड्या चालण्यापेक्षा उभ्याच जास्त असायच्या. वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च 2022 मध्ये सुरू झाली. त्याआधी नळ स्टॉपला जे तासन् तास स्लोवर गेले, त्याने थ्रॉटल बॉडी साफ करायची कामं माझ्याकडे दुपटीने आली असतील. मी मोजली नाहीत. पण सतत स्लोवर राहिलेलं इंजिन तेलाची वाफ श्वासनळीतून परत ओढतं आणि काजळी धरतं, हे झडप उघडल्यावर बोटाला लागतं.

आता नवा विषय इथेनॉलचा. पंपावरचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं झालं आहे. उसाच्या राज्यात याला नावं ठेवणं सोपं नाही, आणि पुण्याजवळ हिंजवडीलाच प्राज इंडस्ट्रीजचं मुख्यालय आहे, जी इथेनॉलचे कारखाने उभारते. नव्या गाड्यांना हे पेट्रोल चालतं. जुन्या कार्ब्युरेटरला ते हिशोबात बसत नाही. पेट्रोलला जळायला 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट तेच, भोक तेच, म्हणजे फियाट आता कायमच थोडी उपाशी. पहिलं रडं अर्थात स्लोला. शिवाय जुने रबरी पाइप फुगतात, पंपाचा पडदा सुटतो, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून जेटमध्ये येतो, आणि पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. हौसेने ठेवलेल्या फियाट कोथरूडमध्ये अजून आहेत. त्यांचे पाइप, पडदा, फिल्टर बदलून झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू मी पाव ते अर्धा आटा बाहेर काढतो. वस्ताद असते तर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर परत दिला असता असं वाटतं.

परवाच अशी एक पद्मिनी लावून दिली. मालक सत्तरीचे, गाडी त्यांच्या वडिलांची. ते जोडीने महाबळेश्वरला निघाले होते. मी म्हटलं, काका, कार्ब्युरेटर कोथरूडवर लावलाय. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे हवा आणखी विरळ, सकाळी स्लोला गचके देईल. स्क्रूच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारून दिली, छोटा स्क्रू ड्रायव्हर ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला. वर पोचल्यावर पाव आटा आत, परत पुण्यात आलात की पाव आटा बाहेर, दुसऱ्या स्क्रूला हात लावायचा नाही. त्यांनी ते लिहून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘आणि वाईला जेवायला थांबणार आहोत, तिथे?’

वाईला काही करू नका, म्हटलं.